उपग्रहावरून शेत बघायची वर्गणी: भांडुपमध्ये घेतली, मुरबाडच्या बांधावर तपासली

आधीच सांगून टाकते, दुसऱ्या वर्षाचे पैसे भरलेले नाहीत. ज्यांना एवढंच हवं होतं त्यांनी इथेच थांबलं तरी चालेल. उपग्रहाच्या चित्रांवरून पिकाची तब्येत फोनवर रंगांत दाखवणारी ही सेवा अगदीच टाकाऊ आहे असं मात्र मी म्हणणार नाही. तिच्यामुळे कळलेल्या काही गोष्टी आम्ही आता फुकटात वापरतो, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

कंपनीचं नाव देत नाही. अशा बऱ्याच सेवा बाजारात आहेत, सगळ्यांच्या जाहिरातीत तेच हिरवं-पिवळं-लाल शेत असतं, आणि बऱ्याच जणांचा आतला माल एकाच घाऊक दुकानातून आलेला असतो: युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहांकडून. त्यामुळे पुढचं जे आहे ते तुमच्या हातातल्या ॲपलाही थोडंफार लागू पडेल.

आमची जमीन मुरबाड तालुक्यात, तीन तुकडे मिळून साडेतीन एकर. घराजवळची खाचरं, त्यांत पावसाळ्यात भात आणि मग विहिरीच्या पाण्यावर भेंडी. नाल्याकडेचा एक लांबट तुकडा, तिथे भातानंतर अंगओलितावर, म्हणजे जमिनीत उरलेल्या ओलीवर, वाल. आणि वर टेपाच्या, म्हणजे टेकडीच्या, कडेला वरकस (उतारावरची हलकी जमीन), जिथे नवऱ्याने हौसेने आंब्याची कलमं लावली आहेत. कसतात माझे धाकटे दीर आणि जाऊबाई. आम्ही भांडुपला. मी एका कंपनीत हिशेब बघते, नवऱ्याची शिफ्टची नोकरी, गावाला जाणं सणावाराला आणि कामाच्या गर्दीला. सेवा घ्यायची टूम मुलाची. ‘रोज संध्याकाळी काकाला फोन करून शेताचं विचारतेस, त्यापेक्षा स्वतःच बघ ना.’ वर्षाचे अडीच हजार, पाच एकरांपर्यंत. मातीतल्या ओलाव्याचा सेन्सर हवा तर साडेसात हजार वेगळे. आम्ही दोन्ही घेतलं.

सुरुवात हद्द आखण्यापासून. ॲप सांगतं, नकाशावर बोटाने रेघ ओढा. महाभूनकाशा या सरकारी संकेतस्थळावर गटाचा आकार घरबसल्या मिळतो, पण तो उपग्रहाच्या चित्रावर ठेवला की रेघ बांधावर बसत नाही. एका बाजूला नाल्यात उतरते, दुसऱ्या बाजूला शेजाऱ्याच्या शेतात शिरते. शेवटी भाऊजी फोन हातात धरून सगळ्या बांधांवरून चालले आणि हद्द आखून झाली. फोनच्या जीपीएसमध्ये उघड्या आभाळाखालीसुद्धा तीन ते पाच मीटरचा फरक राहतो. एवढ्याने रिक्षा चुकत नाही. पण खाचर लहान असलं की तेवढा फरक महागात जातो, आणि का जातो हे मला कोणत्याही विक्री प्रतिनिधीने सांगितलं नाही. मी ते कागदावर मांडून बघितलं.

सेंटिनेल-२ च्या चित्रातला बारीकात बारीक ठिपका १० मीटर लांब, १० मीटर रुंद. म्हणजे १०० चौरस मीटर. आपला गुंठा १०१ चौरस मीटरचा. एक ठिपका म्हणजे जवळपास एक गुंठा, असं सरळ गणित. आता दहा गुंठ्यांचं खाचर घ्या. अगदी चौकोनी धरलं तरी बाजू येते साधारण ३२ मीटर. वाटतं की दहा ठिपके मिळतील. पण उपग्रहाची चौकट काही आपल्या बांधाला बांध लावून आखलेली नसते. ती जिथे पडेल तिथे पडते, आणि मग पूर्णपणे आपल्या खाचरात बसणारे ठिपके बहुतेक वेळा चारच निघतात. बाकीच्या ठिपक्यांत थोडी आपली भेंडी, थोडा बांधावरचा साग, थोडी शेजाऱ्याची पडीक जमीन, आणि सगळ्यांची मिळून एक सरासरी.

बरं, ॲप हे ठिपके ठिपक्यांसारखे दाखवत नाही. कडा पुसून, रंग एकमेकांत मिसळून असं गुळगुळीत चित्र करतं की बघणाऱ्याला वाटावं, प्रत्येक सरी मोजली आहे. माझा सगळ्यात मोठा आक्षेप हाच आहे. चौकोन चौकोनांसारखे दिसले असते तर माणूस आपोआप बेताने विश्वास ठेवतो. पाच-सहा एकरांचा सलग द्राक्षबाग असेल तर कडेचे ठिपके सोडून दिले तरी आत भरपूर उरतात. कोकणपट्टीतल्या खाचरांना कडाच जास्त.

आता गुण सांगते. पावसाळा संपला की आभाळ स्वच्छ होतं, आणि ऑक्टोबरच्या शेवटापासून मेपर्यंत ही सेवा कबूल केल्याप्रमाणे चालते. दोन उपग्रह मिळून दर पाच दिवसांनी एक फेरी होते, सकाळी अकराच्या आसपास. संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी ॲपवर नवीन चित्र. मी ते कांजूरहून घरी येताना गाडीतच उघडायचे. रंगामागे जो आकडा असतो त्याला एनडीव्हीआय म्हणतात, आणि हिशेब करणाऱ्या बाईला तो आवडावा असाच आहे. हिरवं पान लाल प्रकाश शोषून घेतं, कारण हरितद्रव्याला तो लागतो. डोळ्याला न दिसणारा अवरक्त प्रकाश मात्र पानाच्या आतल्या पेशी मोठ्या प्रमाणात परतवतात. अवरक्तातून लाल वजा करायचा आणि त्याच दोघांच्या बेरजेने भागायचं. उघड्या मातीचा आकडा शून्याच्या थोडा वर राहतो, भरलेल्या पिकाचा एकाकडे सरकतो. पान आजारी पडलं किंवा तहानलं की लाल जास्त परततो, अवरक्त कमी, आणि आकडा खाली येतो.

ही काही कालची युक्ती नाही. आपल्या देशात दूरसंवेदनाचा, म्हणजे वरून, दुरून जमीन टिपण्याचा, पहिला प्रयोग झाला तोच मुळी शेतीसाठी. १९७० च्या सुमारास केरळात नारळाच्या झाडांवरचा रोग हेलिकॉप्टरमधून अवरक्त फिल्मवर टिपला होता. त्यामागचे शास्त्रज्ञ पी. आर. पिशारोटी, ज्यांना भारतीय दूरसंवेदनाचे जनक म्हणतात, ते त्याआधी आपल्या कुलाबा-अलिबागच्या वेधशाळांचे संचालक होते. आणि भांडुपहून रिक्षाने जाता येईल अशा अंतरावर, पवईच्या आयआयटीत, १९७६ पासून याच विषयाचं केंद्र आहे. हे मला आमच्या इमारतीतल्या, त्या विषयात शिकलेल्या एका मुलीने सांगितलं. तिनेच एक वाक्य असंही सांगितलं जे ॲपच्या पहिल्या पानावर छापायला हवं: आकडा पडला हे कळतं, का पडला हे कळत नाही.

त्याचा अनुभव लगेच आला. जानेवारीत भेंडीच्या खाचराचा एक कोपरा लाल झाला. पुढच्या फेरीला अजून लाल. सोबत ॲपचा निरोप: नत्राची कमतरता संभवते, अमुक किलो युरिया द्या. मी तातडीने भाऊजींना फोन लावला. ते कोपऱ्यात जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, ‘वहिनी, हितं तर खळं आहे आपलं. युरिया पेंढ्याला घालू का?’ भात झोडून झाल्यावर खळ्यावर पेंढा रचला होता आणि त्यावर निळं प्लास्टिक टाकलेलं. हद्द आखताना खळं आत आलं होतं, कारण ते आमच्याच गटात आहे. जमीन आपली असली की तिच्यावर पीकच असणार, असं ॲपने धरून चालायचं म्हणजे जरा जास्तच झालं.

एप्रिल-मेमध्ये दुसरी गंमत. भाताच्या रोपासाठी आमच्याकडे अजूनही राब भाजतात. शेणखत, पालापाचोळा, डहाळ्या, वर माती, आणि मग पेटवून द्यायचं. रोपवाटिकेचा तो तुकडा काळा पडतो. ॲपवर इशारा आला: ‘पिकाची अचानक हानी, तातडीने पाहणी करा.’ अशा इशाऱ्याला घंटीचा आवाज असतो, आणि तो नेमका ऑफिसच्या मीटिंगमध्ये वाजला. ठाणे-रायगडच्या शेतकऱ्याला जो राब आजोबापासून माहीत आहे तो या ॲपच्या पिकांच्या यादीत कुठेच नाही. कुठल्या भागात, कुठल्या महिन्यात, शेतात काय चाललेलं असतं हे न विचारताच वरून तपासणी सुरू.

वरकसचं तर विचारूच नका. कलमं लहान, त्यांच्यामध्ये गुडघाभर गवत. ऑक्टोबरमध्ये ॲपने आंब्याच्या बागेला उत्कृष्ट शेरा दिला. कौतुक सगळं गवताचं होतं. मार्चमध्ये गवत वाळल्यावर त्याच बागेवर ‘तीव्र ताण’, आणि कलमं मात्र घागरीने घातलेल्या पाण्यावर ठीक होती.

भेंडीच्या बाबतीत एकदा चित्र खरं निघालं. विहिरीच्या विरुद्ध अंगाचा, दहा-बारा गुंठ्यांचा पट्टा दोन फेऱ्या फिका दिसत होता. ठिबकच्या त्या भागाचा व्हॉल्व्ह नीट उघडत नव्हता, कचरा बसला होता. मला वाटलं, चला, आज पैसे वसूल. फोन केला तर भाऊजी म्हणाले, ‘व्हॉल्व्ह मागच्या आठवड्यातच बदलला. खुडताना कळलं ना, भेंडी वाकडी यायला लागली होती.’ भेंडी दिवसाआड खुडावी लागते, रात्री टेम्पो वाशीला जातो. प्रत्येक झाडाशी दिवसाआड कोणीतरी वाकून उभं असतं. जाऊबाईंच्या नजरेत पान पिवळं पडायला लागलेलं, पांढरी माशी पानाखाली दिसायला लागलेली, केवडा रोग येणार की काय याची शंका, हे सगळं आकडा हलण्याच्या कितीतरी आधी येतं. अशा पिकाला पाच दिवसांची, दहा मीटरची नजर उशिराच पोचणार. उपग्रह उपयोगी पडतो तो जिथे आपले पाय जात नाहीत तिथे. आमचं हे मत अख्खं वर्ष वापरून झालेलं आहे आणि त्यावर मी ठाम आहे.

मग पावसाळा. खरं तर भात हेच आमचं मुख्य पीक, आणि नेमक्या त्याच चार महिन्यांत ही सेवा आंधळी होते. सेंटिनेल-२ ढगातून बघू शकत नाही. जून ते सप्टेंबर सह्याद्रीच्या पायथ्याला आभाळ उघडं मिळणं म्हणजे लॉटरी. हा काही कंपनीचा दोष नाही, उपग्रहाला ढग हटवता येत नाहीत. दोष पुढचा आहे. ॲपवर दर आठवड्याला ‘पीक आरोग्य अहवाल’ येतच राहिला. हिरवा रंग, टक्केवारी, सगळं कसं छान. जुलैअखेरीस मी अहवालाच्या तळाशी बोट ठेवून मोठं करून बघितलं, तर राखाडी बारीक अक्षरांत चित्राची तारीख जूनच्या पहिल्या आठवड्यातली. म्हणजे लावणी व्हायच्या आधीची. खाचरात तेव्हा चिखलसुद्धा झाला नव्हता. तक्रार केली. उत्तर आलं की मधल्या काळातले आकडे ‘मॉडेलने भरून काढतो’. कशावरून भरून काढता, हे विचारल्यावर उत्तर आलं नाही. ज्या दिवशी चित्र नाही त्या दिवशी ‘चित्र नाही’ असं लिहायला काय हरकत आहे? हिशेबाच्या वहीत कोरी जागा कोरी ठेवतात, अंदाजाने रक्कम टाकत नाहीत.

ढगातून बघणारा उपग्रहही आहे. सेंटिनेल-१, तो रडारवर चालतो. स्वतःच लहरी सोडतो आणि परतलेल्या मोजतो, त्यामुळे ढग, रात्र, काही आड येत नाही. लावणीच्या वेळी खाचरात पाणी साठलेलं असतं, सपाट पाण्यावरून लहरी आरशासारख्या पलीकडे निघून जातात आणि चित्रात ती जागा काळी दिसते. मग भात वाढत जातो तशी ती उजळत जाते. आपल्याकडे खरिपाच्या भातक्षेत्राचा सरकारी अंदाज करतानाही रडारची चित्रं वापरतात. २०१२ साली इस्रोने रिसॅट-१ सोडला तेव्हा त्याचं हे एक मोठं काम होतं. आमच्या कंपनीकडे रडार होतं, पण वरच्या, दुपटीहून महाग योजनेत. भाताच्या मुलखात स्वस्त योजना विकताना हे आधी सांगायला हवं होतं.

पावसाळ्यातला दुसरा भाग म्हणजे रोगांचे इशारे. तापमान आणि हवेतली आर्द्रता यांच्यावरून मॉडेल सांगतं की भातावरच्या करपा रोगाचा धोका किती. कल्पना चांगली आहे. नाशिककडे द्राक्षाला याचा उपयोग होतो, कारण तिथे हवा रोज बदलते आणि डाऊनी रोगाच्या फवारणीचा एक दिवस इकडे-तिकडे झाला तर हजारोंचा फरक पडतो. आमच्याकडे जुलैत आर्द्रता रोजच नव्वदीला टेकलेली. मग इशाराही रोजचाच: धोका उच्च, धोका उच्च, धोका उच्च. भाऊजींनी तिसऱ्या आठवड्यात तो आवाज बंद केला. रोज वाजणाऱ्या घंटेचा आणि कधीच न वाजणाऱ्या घंटेचा उपयोग सारखाच.

आणि पाऊस. ॲप आमच्या तिन्ही तुकड्यांना आणि मुरबाड शहराला रोज तोच पाऊस दाखवायचं, अगदी दशांशापर्यंत तोच. मोजणीच्या जागा थोड्या असतात, त्यामुळे मधल्या जागी हवामानाच्या मॉडेलचा आकडा वापरतात, आणि मॉडेल देशाचे मोठमोठे चौकोन पाडतं. हवामान खात्याच्या पावसाच्या नोंदींचा बारीक चौकोनसुद्धा सुमारे २५ किलोमीटरचा असतो. चौकोनाच्या आत सगळीकडे एकच आकडा. मुंबईकराला यातली मेख समजवायला एक तारीख पुरते. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि कुलाब्याला ७३. मधे अंतर वीस-पंचवीस किलोमीटर. त्या दिवशी विक्रोळीपासून भांडुपपर्यंत रुळांवरून चालत आलेल्या माणसाला कोणी सरासरी सांगितली असती तर त्याने काय केलं असतं, ते लिहीत नाही. आमच्या गावात तर मधे टेप आहे. अलीकडे सरी आणि पलीकडे ऊन हे नेहमीचंच. पावसासाठी आम्ही आता महसूल मंडळातल्या स्वयंचलित केंद्राची नोंद बघतो आणि अंदाजासाठी हवामान खात्याचं मेघदूत ॲप. ते मोफत आहे, मराठीत आहे, आणि मंगळवार-शुक्रवारी जिल्ह्याचा कृषी सल्ला येतो. तो सल्ला कधीकधी सगळ्या जिल्ह्याला एकाच मापाने कापलेला वाटतो, पण निदान राब म्हणजे काय हे लिहिणाऱ्याला माहीत असतं.

सेन्सरविषयी माझं मत वेगळं आहे. घेतलेल्या दोन गोष्टींत सेन्सर सरस. दोन दांड्यांचं काट्यासारखं यंत्र, मुळांच्या खोलीला, वीतभर खाली पुरायचं. पाण्याचा विद्युतगुण कोरड्या मातीच्या कितीतरी पट, त्यावरून ते ओलाव्याचा अंदाज घेतं. येणारी टक्केवारी खरी धरायची नाही, प्रत्येक मातीला ती वेगळी जुळवावी लागते आणि कंपनीने जुळवून दिली नाही. पण भाऊजींनी स्वतःच एक रीत काढली. पाणी दिल्यावर आकडा कितीवर जातो आणि भेंडी दुपारी माना टाकते तेव्हा कितीवर असतो, हे दोन आकडे घराच्या भिंतीवर खडूने लिहून ठेवले. मधला आकडा आला की पाणी. त्याच्या वर असेल तर नाही. शेतीच्या विजेची पाळी एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. थंडीत रात्री दोनला पंप चालू करायला उठायचं की नाही, हे आता फोन बघून ठरतं, आणि बऱ्याच रात्री उत्तर ‘नाही’ असं येतं. जाऊबाई म्हणतात, बाकी काही बंद करा पण हे राहू द्या. विंचू-सापाच्या वेळेला नवरा घरात झोपलेला असतो, याची किंमत साडेसात हजारांत बसत नाही.

सेन्सरमध्ये खोट दोन. केबल उघडी येते आणि उंदरांना ती आवडते. एकदा कुरतडली, वॉरंटीत बसत नाही म्हणून सांगितलं, मग गावातल्या इलेक्ट्रिशियनने जोडून पाइपात घातली, तेव्हापासून ठीक. दुसरी खोट जास्त गंभीर: यंत्र आपण विकत घेतलेलं असूनही आकडे फक्त कंपनीच्या ॲपमध्येच दिसतात. उपग्रहाची वर्गणी बंद केली तर सेन्सरचे आकडेही बंद, असं त्यांनी आम्हाला वर्षाच्या शेवटी सांगितलं. घेण्याआधी हे लेखी विचारून घ्या. वाद घातल्यावर आम्हाला नुसत्या सेन्सरची लहान योजना काढून दिली, पण वाद घालावा लागला, आणि तो हिंदी-इंग्रजीत घालावा लागला, कारण मराठी बोलणारं कोणी फोनवर आलं नाही. भाऊजी एकटे असते तर सेन्सर आज माळ्यावर असता.

आता फुकटचा मार्ग. सेंटिनेलची सगळी चित्रं कोपर्निकस ब्राउझर नावाच्या संकेतस्थळावर मोफत बघता येतात. लॅपटॉपवर बघायची गोष्ट आहे, सगळं इंग्रजीत आहे, आणि पहिल्या रविवारी डोकं थोडं गरगरतं. मुलगा बाजूला बसला होता म्हणून जमलं, एकदा जमलं की मग मी एकटीनेच. गावावर जायचं, तारीख निवडायची, ढगांची मर्यादा कमी ठेवायची, रंगांच्या यादीतून एनडीव्हीआय घ्यायचं. इथे ठिपके ठिपक्यांसारखेच दिसतात, चौकोन मोजता येतात. आणि सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे मागची चित्रं. सेंटिनेल-२ चा पहिला उपग्रह २०१५ मध्ये सोडला, दुसरा २०१७ मध्ये. म्हणजे आपल्या शेताचा इतक्या वर्षांचा डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारी तिथे पडून आहे, कोणी मागितला की मिळतो. आमच्या पैशाच्या ॲपमध्ये इतिहास सुरू होत होता आम्ही वर्गणी भरली त्या तारखेपासून.

तो इतिहास मी एका रविवारी नाल्याकडेच्या तुकड्यासाठी काढला. प्रत्येक वर्षीचं जानेवारीच्या मध्याचं चित्र एकाखाली एक. पाऊस कमी-जास्त झाला तरी एक पट्टा दर वर्षी शेवटपर्यंत हिरवा राहतो, नाल्याला चिकटून नाही तर थोडा वर, तिरका. भाऊजींना चित्र पाठवलं. त्यांनी सांगितलं की सासरे त्या जागी वाल सगळ्यांत शेवटी पेरायचे, कारण तिथे ओल टिकते. मधल्या काळात ती पद्धत सुटली आणि सगळा तुकडा एकाच दिवशी पेरायला लागलो. गेल्या हंगामात वरचा कोरडा भाग भातकापणी झाल्या झाल्या पेरला आणि ओलीचा पट्टा मागाहून. वरच्या भागातल्या वालाला फुलोऱ्यात जी ओल कमी पडायची ती त्या हंगामात पडली नाही. एका हंगामावरून मोठं विधान करणार नाही, पण हे करायला एक पैसा लागला नाही.

दुसरा उपयोग वरकसचा. फेब्रुवारीनंतर तिकडे आठवडेच्या आठवडे कोणी फिरकत नाही, आणि वणव्याचे दिवस तेच. एका फेरीला टेपाच्या उतारावर काळा पट्टा दिसला, आदल्या चित्रात नव्हता, आणि त्याचं टोक आमच्या कलमांच्या दिशेने. भाऊजी दुसऱ्या दिवशी दोन माणसं घेऊन गेले आणि कुंपणाच्या बाहेरून गवत कापून जाळरेषा काढून आले. पुढे त्या बाजूने पुन्हा आग आली, रेषेपर्यंत. कलमं वाचली. याच गोष्टीवर पैशाच्या ॲपचा शेरा होता ‘तीव्र ताण’, म्हणजे मार्चभर जो होता तोच.

गुण द्यायचे तर पाचपैकी देते: पैशाच्या उपग्रह सेवेला हिवाळ्यात अडीच, पावसाळ्यात शून्य, कारण जुन्या चित्राचा अहवाल ताजा म्हणून पाठवण्याला एकही गुण देता येत नाही. सेन्सरला चार, एक केबलचा कापला. कोपर्निकसला मी काही देत नाही, फुकट मिळतंय आणि त्यांना माझ्या गुणांचं काय!

तुमचा ऊस, द्राक्ष किंवा डाळिंब असेल, सलग पाच-दहा एकर असेल, आणि मजुरांवर अवलंबून राहून तुम्ही मुंबईत बसत असाल, तर अशी सेवा घेऊन बघायला हरकत नाही. पण विक्रीवाला येईल तेव्हा त्याचा नमुना अहवाल घेऊ नका, तो फेब्रुवारीचाच असतो. तुमच्याच गटाचा, मागच्या वर्षीच्या जुलै आणि ऑगस्टचा अहवाल मागा आणि प्रत्येक चित्राची तारीख वाचा. वर्गणी संपल्यावर सेन्सरचे आकडे मिळतील का, आणि आपली माहिती एक्सेलमध्ये उतरवून घेता येईल का, हेही त्याच बैठकीत विचारा. आमच्याकडे नूतनीकरणाचे फोन अजून येतात, सवलत आता चाळीस टक्क्यांवर आली आहे.